उसन्या सामानाचं थिएटर : ड्रमकॉलिहर, ५ सप्टेंबर १९२६

तालुक्याच्या गावी टॉकीज होती त्या दिवसांत सिनेमा बदलायच्या वारी सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असे : पेटी आली का? पेटी म्हणजे सिनेमा. एसटीने नाहीतर रेल्वेच्या पार्सलने ती यायची, हातगाडीवरून टॉकीजच्या मागच्या दारापर्यंत जायची आणि ऑपरेटर झाकण उघडून आतले डबे मोजून घ्यायचा. पत्र्याचे गोल, चपटे डबे. एका डब्यात एक रीळ. आम्हाला वाटायचं, रीळ धुळीत खराब होऊ नये, प्रवासात चेपू नये म्हणून हा पत्रा. तो खरा कशासाठी जन्माला आला हे कळलं ते फार उशिरा, आयर्लंडमधल्या एका लहानशा गावाबद्दल वाचताना. त्या गावाच्या थिएटरात सिनेमा पोहोचला होता, पण डबे मागेच राहिले होते, आणि खेळ चालू असतानाच माळ्यावरच्या त्या थिएटरला आग लागली.

गावाचं नाव ड्रमकॉलिहर. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला लिमरिक नावाचा परगणा आहे, त्याच्या पश्चिम टोकाला, कॉर्क परगण्याच्या हद्दीजवळ हे गाव. एक चर्च, थोडी दुकानं, आजूबाजूला दूधदुभत्याची शेती. आयर्लंड स्वतंत्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती. आधी स्वातंत्र्ययुद्ध आणि त्यापाठोपाठ यादवी, दोन्ही या भागाने सोसली होती. गावात वीज नव्हती. शॅनन नदीवरचं आर्डनाक्रशाचं मोठं वीजकेंद्र तेव्हा बांधलं जात होतं, ते सुरू झालं १९२९ साली. खेडोपाडी वीज नेण्याची सरकारी योजना तर १९४६ मध्ये आली. म्हणजे १९२६ च्या सप्टेंबरात तिथे अंधार पडला की मेणबत्ती किंवा कंदील. ही गोष्ट लक्षात ठेवली नाही तर पुढचं काहीच नीट समजत नाही.

अशा गावात सिनेमा येणार होता. शहरातली माणसं आठवड्यातून दोनदा बघतात ती हलती चित्रं आपल्याच रस्त्यावर, आपल्याच शेजाऱ्यांबरोबर बघायला मिळणार. ज्यांनी जत्रेत तंबूच्या कनातीखालून डोकं घालून पडद्याचा कोपरा पाहिला आहे त्यांना ही ओढ समजावून सांगावी लागणार नाही. त्या रात्री माळ्यावर चढलेल्या माणसांची चूक काढायला म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांनी पैसे दिले आणि बाकावर जाऊन बसली, एवढंच त्यांनी केलं.

थिएटर कसं उभं राहिलं ते बघण्यासारखं आहे, कारण त्यात थिएटरचं म्हणावं असं स्वतःचं काहीच नव्हतं. सगळं उसनं.

जागा उसनी होती. गावातल्या एका दुमजली इमारतीचा वरचा माळा एका स्थानिक माणसाने भाड्याने घेतला. जमीन लाकडी. वर जायला शिडीवजा अरुंद लाकडी जिना, आणि तोच उतरायचा. लांबट खोलीच्या एका टोकाला हा जिना आणि दार, दुसऱ्या टोकाला पडदा. पडद्याच्या बाजूला दोन खिडक्या होत्या, त्यांना लोखंडी गज. सामान ठेवायच्या माळ्याला गज असतातच, चोरापासून राखण म्हणून. त्या माळ्यावर दीडशे-दोनशे माणसं बसतील हा हिशेब गज बसवणाऱ्याने केला नव्हता, आणि करायचं त्याला कारणही नव्हतं.

वीज उसनी होती. बाहेर रस्त्यावर एक लॉरी उभी केली, तिच्यावरच्या जनरेटरमधून तार वर नेली आणि प्रोजेक्टर चालवला. आपल्याकडच्या तंबू थिएटरांनी पुढे कित्येक दशकं हेच केलं. पण ती वीज प्रोजेक्टरपुरती. दाराशेजारच्या टेबलावर, जिथे रिळं ठेवली होती, तिथे उजेडासाठी मेणबत्ती.

आणि सिनेमाही उसना होता. या उसनवारीमागे एक साधा व्यवहार आहे. कॉर्क शहरातली सिनेमागृहं रविवारी बंद असत. म्हणजे रविवारी तिथे रिळं नुसती पडून, आणि ती दाखवणारा ऑपरेटरही मोकळा. ड्रमकॉलिहरच्या माणसाने कॉर्कमधल्या एका थिएटरच्या ऑपरेटरशी बोलणं केलं : रविवारी रिळं घेऊन ये, रात्री दाखवू, सोमवारच्या खेळाआधी ती जागच्या जागी. साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता, भाड्याची मोटार. एक हजार फुटांच्या रिळाचं वजन सव्वादोन-अडीच किलो असतं. पाच-सहा रिळं म्हटली की बारा-पंधरा किलो झाले, आणि डब्यांसकट न्यायची तर ओझं आणखी वाढणार. रिळं डब्यांतून काढून एका हातबॅगेत भरली. पत्र्याचे डबे कॉर्कमध्येच राहिले.

मला या प्रकरणातला सगळ्यात मोठा क्षण हाच वाटतो. आगीची गोष्ट सांगताना सगळे मेणबत्तीपाशी थांबतात. पण मेणबत्त्या त्या गावात घरोघर जळत होत्या, चर्चमध्ये तर रांगेने. ड्रमकॉलिहरने तोवर न पाहिलेली वस्तू मेणबत्ती नव्हती, ती होती उघडी फिल्म.

तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. बंदुकीच्या दारूऐवजी वापरला जाणारा गनकॉटन हा याच कुळातला पदार्थ. साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास ती पेट घेऊ शकते, आणि जुनी, कुजत चाललेली फिल्म त्याहून कमी तापमानालाही. तिला बाहेरच्या हवेची गरज नसते. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्या रेणूंतच असतो, म्हणून गुंडाळलेलं रीळ पाण्यात बुडवलं तरी आतून जळत राहतं. वर जो धूर निघतो त्यात नायट्रोजनचे विषारी वायू असतात. ज्वाळा अंगापर्यंत पोहोचायच्या आधी धूर पोहोचतो. पातळ पट्टी सुटी लोंबत असेल तर ती वातीसारखी धरते. घट्ट गुंडाळून पत्र्याच्या बंद डब्यात असेल तर शेजारच्या ठिणगीपासून वाचण्याची आशा असते. डब्याचं काम हे होतं.

हे गुपित नव्हतं. पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात ४ मे १८९७ रोजी प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यावरून आग लागली आणि १२६ माणसं मेली. सिनेमा तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता. ब्रिटनने १९०९ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा केला तो मुळात आगीसाठी. सिनेमात काय दाखवावं याची सेन्सॉरशिप त्या कायद्यातल्या थिएटर-परवान्याच्या आडोशाने नंतर शिरली. या कायद्याखालच्या नियमांत सगळं लिहिलेलं होतं : मशीन न जळणाऱ्या सामानाच्या बंद केबिनमध्ये हवं, केबिनच्या झरोक्यांना झटकन पडणारी झडप हवी, फिल्म धातूच्या डब्यात हवी, हाताशी पाण्याच्या बादल्या, वाळू, ओलं ब्लँकेट हवं. आयर्लंड वेगळा झाला तरी हा कायदा तिथे चालूच राहिला. आपल्याकडे १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा त्याच घराण्यातला. टॉकीजची केबिन जाड भिंतींची, लोखंडी दाराची आणि दोन छोट्या चौकोनी भोकांची का असायची, त्याचं मूळ तिथे आहे.

मग ड्रमकॉलिहरमध्ये कायदा कुठे होता? १९०९ च्या कायद्याचं सातवं कलम वाचलं की त्याचा अंदाज येतो. एखादी जागा सिनेमासाठी क्वचितच, वर्षातून सहा दिवसांहून जास्त नाही, अशी वापरली जाणार असेल तर परवान्याची गरज नाही. जागेच्या ताबेदाराने किमान सात दिवस आधी परगणा कौन्सिलला आणि पोलिसप्रमुखाला लेखी कळवायचं आणि नियम पाळायचे. कलम लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला होता. गावच्या हॉलमध्ये कधीमधी होणाऱ्या खेळाला शहरी थिएटरचा खर्च लादू नये. पण याचा अर्थ असा की जिथे केबिन नाही, जिना एकच आहे, खिडक्यांना गज आहेत, म्हणजे धोका सगळ्यात जास्त आहे, तिथली तपासणी स्वतः खेळ लावणाऱ्याच्या चिठ्ठीवर अवलंबून राहिली. त्याने कळवलं तर कौन्सिलला कळणार. शहरातल्या पक्क्या थिएटरात निरीक्षक जिना चढून बघायचा, आणि माळ्यावर तो चढायचं काही कारणच नव्हतं. कायद्यातली ही फट मला खेळ लावणाऱ्या माणसांच्या निष्काळजीपणाइतकीच गंभीर वाटते, किंबहुना थोडी जास्तच, कारण ती एका गावापुरती नव्हती.

५ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर माणसं चर्चमधून थेट माळ्याकडे आली. खेळ त्याच हिशेबाने उशिरा ठेवला होता. बायका, पुरुष, मुलं, एकेका घरातली तीन-तीन चार-चार माणसं. ज्यांना आधी जागा मिळाली ती पुढे, पडद्याजवळ बसली. उशिरा आलेली दाराशी, मशीनच्या आसपास.

पावणेदहाच्या सुमारास टेबलावरच्या मेणबत्तीने उघड्या रिळाला धरलं.

टेबल दाराशेजारी होतं, म्हणून आग बाहेर जायच्या वाटेवरच पेटली. दाराजवळचे बरेच जण जिन्याने उतरले, काहींनी उड्या टाकल्या. पुढे बसलेल्यांना, म्हणजे आधी येऊन चांगली जागा धरलेल्यांना, दोनच पर्याय होते : ज्वाळांतून जिन्याकडे जायचं, नाहीतर उलट दिशेला, गजांच्या खिडक्यांकडे. बहुतेक खिडक्यांकडे गेले. तिथून काही सुटले. बाकीच्यांची तिथेच गर्दी झाली आणि धुराने ती गाठली. खाली रस्त्यावर गाव जमलं होतं. आपली माणसं वर आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. अग्निशमन दल शहरात, पाणी विहिरीचं.

४८ माणसं गेली. त्यांत लहान मुलं बरीच होती. ओळख पटवणं इतकं अवघड झालं की ४६ जणांना चर्चच्या आवारात एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं.

देश हादरला. आयरिश सरकारचे प्रमुख डब्ल्यू. टी. कॉसग्रेव्ह अंत्यविधीला आले. मदतनिधी उभा राहिला. त्या सुमारास युरोपात असलेला अमेरिकन नट आणि विनोदवीर विल रॉजर्स डब्लिनला आला आणि त्याने मृतांच्या कुटुंबांसाठी मदतीचा खेळ केला. स्वतः सिनेमातला माणूस होता तो. खेळाशी संबंधित तिघांवर मनुष्यवधाचा खटला झाला, पण कोणालाही शिक्षा झाली नाही. निकालाबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. ऑपरेटरला नायट्रेट काय असतं हे नक्की ठाऊक होतं, तो रोज तीच हाताळत होता. डबे नसलेली बॅग उचलताना त्याचा हात थबकायला हवा होता. पण कॉर्कच्या केबिनमध्ये तेच रीळ हाताळताना त्याच्याभोवती भिंती होत्या, झडपा होत्या, वीज होती, डबे होते. वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणून त्याला वाटलं असेल की आपण सावध आहोत. सावध ती खोली होती. ती खोली बॅगेत भरून आणता येत नव्हती.

एवढ्यावर थांबलं तर कोणी म्हणेल, डबे आणले असते तर प्रश्न मिटला असता. म्हणून याच्या शेजारी एक दुसरी घटना ठेवून बघायला हवी. ड्रमकॉलिहरनंतर तीन वर्षांनी, ३१ डिसेंबर १९२९ रोजी, स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात ग्लेन सिनेमात मुलांचा दुपारचा खेळ चालू होता. हे रीतसर थिएटर. रीळ दाखवून झालं आणि नियमाप्रमाणे धातूच्या डब्यात ठेवलं गेलं. डबा मात्र एका बॅटरीवर ठेवला. धातूमुळे बॅटरीचं शॉर्टसर्किट झालं, डबा तापला, आतली फिल्म धुमसू लागली आणि काळा धूर प्रेक्षागृहात शिरला. डबा बाहेर नेऊन टाकला गेला. थिएटर जळालं नाही. तरी ७१ मुलं मेली, कारण धूर बघून ती ज्या बाहेरच्या वाटेकडे धावली तिथलं सरकतं लोखंडी दार उघडलं नाही, आणि जिन्यावर एकावर एक पडून ती गुदमरली. तिथे डबा होता, पण दार नव्हतं. ड्रमकॉलिहरला दोन्ही नव्हतं. पेस्लीनंतर ब्रिटनमध्ये नियम कडक झाले : बाहेर जायचे मार्ग वाढवा, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी ठेवा, मुलांच्या खेळाला पुरेशी मोठी माणसं देखरेखीला ठेवा. दिल्लीच्या उपहारमध्ये १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली तेव्हा नायट्रेट फिल्म इतिहासजमा होऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. आग खालच्या ट्रान्सफॉर्मरची होती. पण बाल्कनीतली वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली होती, आणि माणसं धुरानेच मेली.

म्हणून ड्रमकॉलिहरचा अभ्यास करताना मी कारणांची उतरंड अशी लावते. सगळ्यात खाली तो माळा, त्याचा एकुलता जिना आणि गज. त्यावर केबिनशिवाय, प्रेक्षकांतच मांडलेलं मशीन. त्यावर डब्याबाहेरची फिल्म. मेणबत्ती सगळ्यात वर. प्रत्येक वस्तू तिच्या मूळ जागी निरुपद्रवी होती, किंवा निदान आटोक्यात होती. माळा सामानासाठी बरा होता, फिल्म कॉर्कमध्ये बरी होती, मेणबत्ती घरात बरी होती. उसनं आणताना प्रत्येक वस्तू तिच्या राखणीशिवाय आली, आणि सगळ्या एका खोलीत भेटल्या.

आपल्या बाजूने याला एक खरा धागा आहे, तो पुण्यात. १९५० च्या सुमारास जगभर नायट्रेटची जागा न भडकणाऱ्या फिल्मने घेतली. म्हणजे माझ्या लहानपणी एसटीने येणाऱ्या पेटीतल्या रिळांना तो पत्रा तितकासा लागतच नव्हता. डबा राहिला, त्याचं कारण विस्मरणात गेलं. पण जुनी नायट्रेट रिळं संग्रहांत शिल्लक होती. पुण्यात एफटीआयआयच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं ठेवली होती. ८ जानेवारी २००३ रोजी तिथे आग लागली आणि भारतीय सिनेमाच्या पहिल्या दशकांतला अमोल साठा राख झाला. ज्या वस्तूने ड्रमकॉलिहरमध्ये माणसं नेली तिने इथे स्मृती नेली. आपल्याकडचे मूकपट आज इतके थोडे का उरले, याला दुर्लक्ष, दमट हवा आणि चांदी काढण्यासाठी वितळवलेली रिळं ही कारणं आहेतच, पण तो पदार्थच मुळी टिकून राहायला तयार नव्हता. नायट्रेट हळूहळू कुजते किंवा एकदम जळते.

बारकाईने बघितलं तर ड्रमकॉलिहरच्या थिएटरला इतिहास असा जवळजवळ नाहीच. पाटी नाही, उद्घाटनाची कोनशिला नाही, शेवटच्या खेळाचं पोस्टर नाही. इतर गावांची थिएटरं टीव्हीने, केबलने, मल्टिप्लेक्सने, जागेच्या भावाने हळूहळू संपली. लोकांना निरोप घ्यायला वेळ मिळाला, खुर्च्यांचे नंबर पाठ राहिले, डोअरकीपरचा आवाज आठवणीत राहिला. इथे गावाजवळ आठवण म्हणून उरली ती फक्त शेवटची रात्र. एकत्र बसून सिनेमा पाहण्याचं सुख त्या लोकांना अर्धा-पाऊण तास मिळालं असेल. त्या अर्ध्या तासाबद्दल कोणीच काही लिहून ठेवलेलं नाही. कोणी हसलं असेल, एखादं पोर पडद्यावरचं वाचून दाखवायला आईला सांगत असेल. मूकपट होता. शब्द वाचता येणाऱ्याने शेजाऱ्याला सांगायचे असत.

पुढे १४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे डब्लिनमधल्या स्टारडस्ट नाइटक्लबला आग लागली. तिथेही बाहेर जायच्या दारांवर साखळ्या होत्या, आणि तिथेही ४८ जण गेले. त्यांच्या घरच्यांनी चार दशकं लढा दिला आणि एप्रिल २०२४ मध्ये ज्यूरीने ते मृत्यू बेकायदा वधाचे ठरवले. ड्रमकॉलिहरच्या ४८ जणांसाठी असा निकाल कोणी मागितला नाही. मागणारी माणसंही त्याच माळ्यावर होती.

जिथे तो माळा होता तिथे आज गावाचं ग्रंथालय आहे. चर्चच्या आवारात सामायिक कबरीवर उंच केल्टिक क्रॉस उभा आहे, आणि त्यावर नावं कोरलेली आहेत. वाचत गेलं की काही आडनावं पुन्हा पुन्हा येतात.